दहा दिवसांची वजाबाकी

पाचवी-सहावीतल्या मुलांना ३६५.२५ मधून ३६५.२४२५ वजा करावयास सांगितले, तर त्यांतली बरीच मुले पहिल्याच पायरीवर अडखळतात. पंचवीसमधून दोन हजार चारशे पंचवीस कसे जाणार, असा त्यांचा प्रश्न असतो. काही मुले तर दोन्ही संख्यांची उजवी टोके एकाखाली एक आणून मांडणी करतात. मग दशांशाखाली सहस्रांश येतो आणि उत्तर भलतेच निघते. ही चूक मुलांच्या आळसाची नव्हे. पूर्ण संख्यांच्या बाबतीत जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी, हे त्यांना चार वर्षे शिकविलेले असते आणि ते खरेही असते. दशांश चिन्हाच्या उजवीकडे मात्र तो नियम चालत नाही. तेथे पंचवीस म्हणजे पंचवीस शतांश, आणि शतांशाला दहा-दहांनी फोडले की तेच अडीच हजार दशसहस्रांश होतात. म्हणून ३६५.२५ हे ३६५.२५०० असे लिहावयाचे, दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह ठेवावयाचे आणि मग नेहमीसारखी वजाबाकी करावयाची. उत्तर येते ०.००७५.

शून्य पूर्णांक पंचाहत्तर दशसहस्रांश. इतकी बारीक बाकी कोणाच्या उपयोगाची, असे वाटणे साहजिक आहे. परंतु या बाकीने सोळाव्या शतकात ख्रिस्ती जगाच्या दिनदर्शिकेतून दहा दिवस गिळले, राजे आणि पंडित यांच्यात वाद लावून दिले आणि ख्रिस्तसभेच्या सर्वांत मोठ्या सणाची तारीख पूर्व आणि पश्चिम यांच्यात वेगळी पाडली. वरच्या उदाहरणातील पहिली संख्या ही ज्युलियस सीझरच्या वर्षाची दिवसांतील लांबी; दुसरी परमगुरू तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली लागू केलेल्या वर्षाची.

सीझरने ख्रिस्तपूर्व ४५ पासून जी दिनदर्शिका सुरू केली, तिच्यात दर चौथे वर्ष ३६६ दिवसांचे होते. म्हणजे वर्षाची सरासरी ३६५ दिवस आणि ६ तास. सूर्याचे वर्ष मात्र याहून सुमारे अकरा मिनिटांनी कमी भरते. अकरा मिनिटे म्हणजे सायंकाळची रोझरीची माळ अर्धीअधिक होण्याचा वेळ. एका माणसाच्या आयुष्यात त्यांचा हिशेब अर्ध्या दिवसाच्या आसपासच राहतो, ख्रिस्तसभेचे आयुष्य मात्र शतकांनी मोजावे लागते.

इ. स. ३२५ मध्ये नीसिया येथे धर्मपरिषद भरली. पुनरुत्थानाचा सण सर्व ख्रिस्ती लोकांनी एकाच रविवारी साजरा करावा, असे तेथे ठरले. पुढे जी रीत रूढ झाली तिच्याप्रमाणे वसंतसंपात, म्हणजे दिवस आणि रात्र समान असण्याचा दिवस, २१ मार्चला धरावयाचा, त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा पाहावयाची आणि तिच्यानंतरचा रविवार हा सणाचा. राखेचा बुधवार, चाळीस दिवसांचा उपवासकाळ, पवित्र आठवडा, स्वर्गारोहण, पेंटेकॉस्ट हे सारे त्या एका रविवारावर टांगलेले. आकाशातला संपात मात्र २१ मार्चला थांबून राहिला नाही. १५८२ मधून ३२५ वजा केले तर १२५७ वर्षे उरतात. आजच्या मोजणीप्रमाणे सूर्याचे वर्ष ३६५.२४२२ दिवसांचे, म्हणजे सीझरच्या वर्षाहून ०.००७८ दिवसाने लहान. या दोहोंचा गुणाकार ९.८ येतो. दहा दिवसांना थोडे कमी. सोळाव्या शतकात खरा संपात ११ मार्चला पडू लागला होता आणि पुस्तकातला २१ मार्चलाच होता.

हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. फ्रान्सिस्कन धर्मबंधू रॉजर बेकन यांनी १२६७ च्या सुमारास परमगुरू चौथे क्लेमेंट यांना लिहून ही चूक कळविली होती. पण दुरुस्तीला तीनशे वर्षे लागली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रार्थनापुस्तकाबरोबर हेही काम परमगुरूंवर सोपविले आणि तेराव्या ग्रेगरींनी त्यासाठी एक मंडळ नेमले. कार्डिनल सिर्लेतो त्याचे प्रमुख होते. इग्नासियो दांती हे डोमिनिकन गणिती त्यात होते. व्हॅटिकनमधील वाऱ्यांच्या मनोऱ्यात त्यांनी जमिनीवर रेषा आखून भिंतीतल्या छिद्रातून येणारा सूर्यकिरण तिच्यावर पाडला होता, त्यामुळे चूक डोळ्यांनी दिसत असे. अंत्युखियाचे माजी सुरियानी पात्रिआर्क इग्नेशियस निमतल्लाह हेही मंडळात होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. मूळ योजना कालाब्रियातील एका वैद्याची, अलोयसियस लिलियस यांची. ते १५७६ मध्ये वारले आणि त्यांच्या भावाने ती योजना मंडळापुढे ठेवली. तिची छाननी, मांडणी आणि पुढे आयुष्यभर तिचा बचाव केला तो बाम्बर्गचे येशूसंघीय धर्मगुरू ख्रिस्तोफर क्लेव्हियस यांनी. ते रोमन कॉलेजात गणित शिकवीत.

२४ फेब्रुवारी १५८२ चे आज्ञापत्र निघाले. त्यात दोन गोष्टी होत्या. पुढच्या काळासाठी, शंभराने भाग जाणारे वर्ष चारशेनेही भागले जात असेल तरच त्याला लीप वर्ष मानावयाचे. म्हणजे चारशे वर्षांत शंभराऐवजी सत्त्याण्णव लीप वर्षे. सत्त्याण्णवला चारशेने भागले की ०.२४२५ मिळतात, तेच आपल्या उदाहरणातले. मागच्या काळासाठी, त्या वर्षीच्या ऑक्टोबरातून दहा दिवस काढून टाकावयाचे. संत फ्रान्सिस यांचा सण ४ तारखेला झाल्यावर दुसऱ्या दिवशी १५ तारीख. लॅटिन आज्ञापत्रात या कृतीला जो शब्द वापरला आहे, तो अंकगणितातल्या वजाबाकीचाच आहे. त्याच पत्रात एक कलम असेही आहे की, या दहा दिवसांच्या वजाबाकीमुळे वार्षिक किंवा मासिक देण्याच्या बाबतीत कोणाचे नुकसान होऊ नये, म्हणून न्यायाधीशांनी मुदतीच्या शेवटी दहा दिवस वाढवून द्यावेत. आकाशातल्या हिशेबाचा विचार करताना रोमला भाडेकरू आणि ऋणको यांची आठवण राहिली, हे मला त्या पत्रातले सर्वांत वाचनीय कलम वाटते.

स्पेन, पोर्तुगाल, पोलंड आणि इटलीतील बहुतेक राज्ये यांनी ठरल्या दिवशी बदल केला. आव्हिलाच्या संत तेरेजा ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री आल्बा दे तोर्मेस येथे प्रभुचरणी गेल्या. त्यांचे दफन दुसऱ्याच दिवशी झाले, पण त्या दिवसाची तारीख होती १५ ऑक्टोबर. आपण दरवर्षी १५ ऑक्टोबरला त्यांचा सण पाळतो, त्यामागे हा तारखांचा खेळ आहे.

येथे एक प्रश्न उरतो. मंडळातल्या गणितज्ञांनी ही वजाबाकी कशी केली? वर मी दशांश अपूर्णांकांत जी मांडणी दिली ती त्यांच्यापुढे नव्हती. त्यांच्या हाती आल्फोन्साइन कोष्टके होती. स्पेनचा राजा दहावा आल्फोन्सो याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कोष्टकांत वर्षाची लांबी ३६५ दिवस, ५ तास, ४९ मिनिटे, १६ सेकंद दिली होती. ही ६ तासांतून वजा करावयाची. सेकंदांच्या जागी शून्य, त्यातून १६ जात नाहीत. मिनिटांकडे उसने मागावे तर तेथेही शून्य. म्हणून एक तास फोडावयाचा, त्याची ६० मिनिटे. त्यांतले एक मिनिट फोडावयाचे, त्याचे ६० सेकंद. बाकी १० मिनिटे ४४ सेकंद. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्यांना ६४४ ने भागले की १३४ येतात. म्हणजे १३४ वर्षांनी एक दिवस, ४०२ वर्षांनी तीन दिवस. ४०२ ची सोय म्हणून ४०० केली आणि नियम लहान मुलालाही पाठ होईल असा झाला. साठाचा हातचा बाबिलोनपासून चालत आला होता, ज्योतिषी त्यात मुरलेले होते. पण बाजारातला माणूस, जमीन मोजणारा, टांकसाळीतला कारकून यांना तो हिशेब परका होता.

दहाचे स्थानमूल्य भारतातले, हे आपल्याला ठाऊक असते आणि त्याचा अभिमानही असतो. परंतु ती पद्धत एकंच्या उजवीकडे नेण्याचे काम दुसरीकडे झाले. आपले गणिती अपूर्णांक अंश आणि छेद अशा रूपातच लिहीत. दमास्कसमध्ये अल्-उक्लिदिसी यांनी इ. स. ९५२ च्या सुमारास भारतीय अंकांवर ग्रंथ लिहिला, त्यात दशांश अपूर्णांक आढळतात. समरकंदच्या अल्-काशी यांनी १४२७ मध्ये त्यांची नीट पद्धत बांधली. युरोपात ही गोष्ट उशिरा उगवली. फेरारा येथे एस्ते घराण्याच्या चाकरीत असलेले जोव्हान्नी बियांकिनी यांनी १४४० च्या दशकातल्या कोष्टकांत दशांश बिंदू वापरला होता, हे कॅनडातील अभ्यासक ग्लेन व्हॅन ब्रुमेलन यांनी २०२४ मध्ये दाखवून दिले. त्यापूर्वी हा मान बहुधा क्लेव्हियस यांनाच दिला जाई, कारण १५९३ च्या त्यांच्या अ‍ॅस्ट्रोलेबवरील ग्रंथातल्या एका कोष्टकात असा बिंदू आहे. गंमत अशी की १६०८ च्या त्यांच्या बीजगणितात तो पुन्हा दिसत नाही. तेथे अपूर्णांक जुन्याच रीतीने लिहिले आहेत. ज्या हातांनी बिंदू टाकला त्यांना त्याचे फारसे मोल वाटले नसावे.

सामान्य माणसाला दशांशांची वजाबाकी शिकविली ती ब्रुजचे सायमन स्टेव्हिन यांनी. दिनदर्शिका बदलल्यानंतर तीनच वर्षांनी, १५८५ मध्ये, लायडन येथून त्यांची डच भाषेतली एक छोटी पुस्तिका निघाली. तिचे नाव ‘द तींद’, म्हणजे ‘दहावा भाग’. ज्योतिषी, भूमापक, गालिचे आणि मद्याची पिंपे मोजणारे, टांकसाळीचे अधिकारी आणि व्यापारी यांना तिच्या आरंभी अभिवादन आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढाच विषय. बिंदू त्यांनी वापरला नाही. प्रत्येक अंकापुढे वर्तुळात ०, १, २, ३ असे आकडे घालून तो अंक एकचा, दशांशाचा, शतांशाचा की सहस्रांशाचा हे ते सांगत. त्यांचे वजाबाकीचे उदाहरण आजच्या रीतीने लिहिले तर २३७.५७८ वजा ५९.७३९ असे होते. आपणही ते करून पाहू. आठ सहस्रांशांतून नऊ जात नाहीत. शेजारच्या सात शतांशांतला एक घेतला, अठरातून नऊ गेले, नऊ उरले. सहा शतांशांतून तीन गेले, तीन. पाच दशांशांतून सात जात नाहीत. आता शेजारी दशांश चिन्ह आहे आणि पलीकडे एकंच्या घरात सात. मुले येथे थबकतात. चिन्ह ओलांडून हातचा घ्यावा की नाही, ही शंका खरी आहे, आणि स्टेव्हिन यांच्या पुस्तिकेचे सारे बळ तिच्या उत्तरात आहे: एक पूर्ण म्हणजे दहा दशांश, जसे एक दशक म्हणजे दहा एकक. चिन्ह ही भिंत नव्हे, उंबरठा आहे. पंधरातून सात, आठ. पुढे सोळातून नऊ, सात; बारातून पाच, सात; आणि शतकाचा एक. उत्तर १७७.८३९. कोठेही साठ नाही, बारा नाही, सोळा नाही. प्रत्येक घरी हातचा दहाचाच.

बिंदूचा प्रसार पुढे स्कॉटलंडच्या जॉन नेपियर यांच्या लॉगॅरिथमच्या ग्रंथांमुळे झाला. हे नेपियर कडवे प्रॉटेस्टंट. क्लेव्हियस यांचा बिंदू असलेला ग्रंथ निघाला त्याच १५९३ साली नेपियर यांनी प्रकटीकरणाच्या पुस्तकावर भाष्य प्रसिद्ध करून परमगुरूंना ख्रिस्तविरोधी ठरविले होते. आज आपली मुले ज्या ठिपक्याचा उपयोग करतात त्याच्या एका बाजूला येशूसंघीय आहेत आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा हा कट्टर विरोधक.

ही दहाच्या हातच्याची सोय आपल्या घरात किती उशिरा आली, हे वडीलधाऱ्यांना विचारावे. १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत्या. पाच रुपये चार आणे तीन पै यांतून दोन रुपये नऊ आणे आठ पै वजा करा: पैच्या घरात बाराचा हातचा, पंधरातून आठ गेले, सात, आण्यांच्या घरात सोळाचा हातचा, एकोणीसमधून नऊ, दहा, बाकी दोन रुपये दहा आणे सात पै. केळीचा किंवा पानांचा हिशेब मांडणाऱ्या बायका हे तोंडी करीत, हे विसरून चालणार नाही. पावकी, निमकी, औटकी यांचे पाढे त्यासाठीच होते. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, जुना आणा सव्वासहा नव्या पैशांचा ठरला, आणि दशांश अपूर्णांक हा पुस्तकातला धडा न राहता दुकानातला व्यवहार झाला. १ जून १९६४ पासून ‘नवा’ हा शब्दही गळाला.

दिनदर्शिकेच्या वजाबाकीचा आपल्या किनाऱ्याशी संबंध मात्र फार जुना. १५८२ साली वसई आणि गोवा पोर्तुगालच्या अमलाखाली होते. लिस्बनहून निघालेल्या जहाजाला गोव्यास पोहोचावयास साधारण सहा महिने लागत, तेव्हा आज्ञापत्र येईपर्यंत इकडे जुन्याच तारखा चालू राहिल्या असणार. क्लेव्हियस यांचे शिष्य मातेओ रिची हे १५७८ मध्ये गोव्यास आले होते आणि १५८२ मध्येच तेथून चीनच्या वाटेला लागले. गुरूंच्या अंकगणिताचे त्यांनी चिनी मित्राच्या साहाय्याने केलेले रूपांतर त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. आपल्याला ‘क्रिस्तपुराण’ देणारे फादर थॉमस स्टीफन्स यांना तेव्हा गोव्यात तीन वर्षे होत आली होती. ते जन्माने इंग्लंडचे. त्यांच्या मायदेशाने परमगुरूंची दिनदर्शिका म्हणून ती नाकारली आणि आणखी १७० वर्षे जुनी तारीख धरून ठेवली. १७५२ मध्ये इंग्लंडने २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर केला. तोपर्यंत दहाचे अकरा दिवस झाले होते, कारण १७०० हे वर्ष जुन्या पद्धतीत लीप होते, नव्या पद्धतीत नव्हते.

याचा परिणाम आपल्या दारात दिसला. १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांच्या ताब्यात गेली, आणि वसई पोर्तुगीजांकडे राहिली. १६९० साली वसईच्या चर्चमध्ये नाताळची घंटा वाजली त्या दिवशी मुंबईतल्या इंग्रजांच्या वखारीच्या वहीत १५ डिसेंबर लिहिलेला असे. १७३० मध्ये तोच दिवस १४ डिसेंबरचा. खाडी ओलांडून पत्र गेले, तर ते लिहिले त्याच्या आठवडाभर आधीच पोहोचल्याचा भास व्हावा! शिवाय इंग्रजांचे सरकारी वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई, हा आणखी एक खोडा. मराठी कागदांतल्या तिथींच्या इंग्रजी तारखा काढताना अनेक अभ्यासकांनी १७५२ पर्यंत जुनी पद्धतच धरली. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख त्याच पद्धतीची आहे; पोर्तुगीज वहीत तो दिवस १६ जूनचा. वसईचा वेढा संपला तेव्हा किल्ल्याच्या शरणागतीची तारीख कोठे ५ मे १७३९ अशी वाचावयास मिळते, तर कोठे १६ मे. मराठे किल्ल्यात आले तो दिवस कोठे १२ मे, कोठे २३ मे. यांत एक लेखक खरा आणि दुसरा चुकलेला असे नाही. सोळातून अकरा वजा केले की पाच उरतात आणि तेविसातून अकरा गेले की बारा. आपल्या धर्मग्रामाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने पोर्तुगीज कागद इंग्रजी कागदाशेजारी ठेवण्याआधी, १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत दहा आणि त्यानंतर अकरा दिवस वजा करावेत, एवढे ध्यानात ठेवले तर पुष्कळ वाद मिटतील.

रशियाने १९१८ मध्ये तेरा दिवस गाळले. तरी तेथील ख्रिस्तसभा आणि बहुतेक ऑर्थोडॉक्स बांधव पुनरुत्थानाचा सण आजही जुन्या गणितानेच ठरवितात. २०२४ मध्ये आपला सण ३१ मार्चला होता, त्यांचा ५ मे रोजी. नीसियाच्या परिषदेला १७०० वर्षे झाली त्या २०२५ साली दोघांचाही सण २० एप्रिल या एकाच रविवारी आला, पण तो गणिताचा योगायोग होता, करार नव्हे. ग्रेगरींच्या वर्षातही थोडी बाकी आहेच: ३६५.२४२५ मधून ३६५.२४२२ गेले की ०.०००३ उरतात, म्हणजे वर्षाला सव्वीस सेकंदांच्या आसपास. त्यांचा एक दिवस भरावयास तीन हजारांहून अधिक वर्षे लागतात. जुनी आणि नवी यांच्यातले अंतर मात्र त्याआधीच वाढणार आहे. २१०० हे वर्ष शंभराने भागले जाते, चारशेने नाही. आपला फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा राहील, जुन्या पद्धतीचा एकोणतीस दिवसांचा, आणि तेराचे चौदा होतील.